माया

फॉर्म तीन दिवस मशीनच्या झाकणाखाली होता,
पिको-फॉलच्या पावत्यांबरोबर.
पोहणे दीडशे मीटर. सायकल चार किलोमीटर. धावणे एक.
वयोगट नऊ ते अकरा.
खाली बारीक अक्षरात : काही बरंवाईट झाल्यास
आयोजक जबाबदार राहणार नाहीत.
त्याच्याही खाली एक रेघ, माझ्या सहीपुरती.

दुर्वाचा बाबा पणजीला हॉटेलात. फोनवर म्हणाला,
तू बघ काय ता.
शेजारची सुहासवैनी दारातूनच,
चेडवाक दर्यात सोडतंस? खुळावलंस काय?
रेडकर सर म्हणाले, होडी असते सोबत, दोरी असते,
आणि पोरीला पाणी आवडतं,
तुमच्या लक्षात आलंय का?

आलं होतं.
म्हणून तर सही होत नव्हती.

चौथ्या दिवशी कुणाचा तरी ब्लाउज उसवताना केली,
सुई दातांत धरून,
म्हणजे तोंडातून भलतं काही निघायला नको.

सरांनी दिलेला शर्यतीचा पोशाख
मी सवयीने उलटा करून पाहिला.
आत माया नव्हती. सूतभरही नाही.
एवढी वर्षं शिरोड्यातल्या पोरींचे फ्रॉक शिवते मी,
शिवणीच्या आत दोन बोटं कापड दडवून.
अंग भरलं की या, उसवून देते.
हा पोशाख ओढला की वाढतो, सोडला की बसतो,
आईकडे यावं लागत नाही.

वेळागरला सुरूच्या बनाबाहेर, सकाळी साडेसहा.
एक्केचाळीस पिवळ्या टोप्या एकदम पाण्यात.
त्यातली माझी कुठली?
अकरा मोजते, बारा होतात, लाट येते, नऊ उरतात.
शेजारी कोल्हापूरची एक आई व्हिडिओ काढत होती.
मला हातांना काही कामच नव्हतं.
पदराची कड दुमडून
मी बोटांनीच हेम घालत राहिले.

आणि पाचवी आली ती!
पाचवी बाहेर पडली, ओठ जांभळे, नाक पुसत,
धावत सायकलींच्या रांगेकडे
(तिची सायकल मावसभावाची, पुढची टोपली तशीच).
तिथे खाली बसली.
बाटलीतलं पाणी घेतलं,
उजवा पाय धुतला, बोटांच्या बेचक्यांतून पुसला,
नीट, एकेक.
मोजा चढवला.
बाकीची पोरं वाळूसकट पाय बुटांत कोंबून निघाली.
सहावी, नववा, तेरावी.
सर ओरडत होते, दुर्वा, चल!
ती मान वर करीना.

हे मीच शिकवलेलं.
रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यातून माझाच आवाज :
पाय झाडून ये, घरात गिऱ्हाइकांची कापडं आहेत,
एक कण आत येता कामा नये.
इतकं ऐकते ही माझं,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दोरीला पोट टेकवून मी ओरडले,
एवढ्या मोठ्यानं की कोल्हापूरच्या बाईचा मोबाइल हलला,
रवांदे गो! वाळू रवांदे!

तिनं पाहिलं माझ्याकडे.
भलत्याच बाईकडे पाहावं तसं.
मग डावा पाय, तसाच, ओला, वाळूनं माखलेला,
बुटात घातला आणि गेली.

कितवी आली ते बोर्डावर लिहिलेलं होतं,
आम्ही दोघीही तिकडे गेलो नाही.
केळं खाता खाता म्हणाली,
आये, डाव्या पायाक फोड इलो,
आणि दाखवला, पदक दाखवावं तसा.
पदक तर सगळ्यांनाच होतं.

संध्याकाळी घरात शिरली ती थेट आत.
उंबऱ्यापासून मशीनपर्यंत, मशीनपासून गादीपर्यंत
वाळूची बारीक रेघ.
झाडू हातात घेतला होता मी.
कोपऱ्यात परत ठेवला.

रात्री परबांच्या लग्नाचं काम घेऊन बसले.
पायडलखाली करकर, करकर.
वाटलं ती झोपली,
तर काळोखातून म्हणाली,
पुढच्या महिन्यात देवगडला आहे.
मग जरा थांबून,
तिथे पाणी खोल आहे, आधीच सांगते.

मी पायडल थांबवलं नाही.
फॉर्म कुठे आहे, म्हटलं.